वाचकांचे प्रश्न : जादुई वास्तववाद वाचायचा कसा?

प्रश्न : कोलंबियन लेखक मार्केझ यांची ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ ही कादंबरी घेतली, पण नावांच्या गोंधळात अर्ध्यावरच सुटली. आणि राखणदार, देवचार अशा गावच्या रक्षक शक्तींच्या गोष्टी ऐकतच वाढलेल्यांना या प्रकारात, म्हणजे चमत्कार रोजच्या गोष्टींसारखे सांगणाऱ्या लेखनात, नवीन ते काय?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : ही कादंबरी (१९६७) तूर्त बाजूला ठेवा. आधी त्यांचीच ‘अ व्हेरी ओल्ड मॅन विथ एनॉर्मस विंग्ज’ ही छोटी कथा एका बैठकीत वाचा. तीन दिवस पाऊस कोसळतोय, घरात खेकडेच खेकडे. पेलायो ते समुद्रात टाकून येतो, तर मागच्या अंगणात चिखलात एक म्हातारा पालथा पडलेला. पंखांमुळे त्याला उठता येत नाही. त्याला खुराड्यात कोंडतात आणि बघ्यांकडून पाच-पाच सेंट घेतात. त्या पैशांतून दुमजली घर उभं राहतं. खेकडे शिरू नयेत म्हणून जाळ्या बसतात, देवदूत शिरू नयेत म्हणून खिडक्यांना गज! गंमत या एका वाक्यात आहे. दोन्ही उपद्रव एकाच सुरात सांगितलेत.

भुताची गोष्ट दचकवण्यासाठी असते. राखणदाराला वर्षाचा नारळ-कोंबडा देताना मात्र कोणी दचकत नाही, ते घरचं देणं असतं. जादुई वास्तववाद या दुसऱ्या सुराच्या जवळचा. तेव्हा हा सूर तुमच्या कानात आधीपासून आहे. नवीन आहे ती लेखकाची नजर : चमत्कार कसा घडला हे तो सांगत बसत नाही, चमत्कारापुढे माणसं कशी वागतात ते दाखवतो.

मग कादंबरीकडे वळा. बहुतेक आवृत्त्यांत सुरुवातीला वंशवृक्ष असतो. त्याची झेरॉक्स खुणेसाठी पानांत ठेवा. होसे आर्कादियो नावाचे पुरुष दांडगे, झोकून देणारे. ऑरेलियानो नावाचे अबोल, एकलकोंडे. फक्त जुळ्या भावांत हे उलटं होतं, आणि तिथेच बहुतेक जण अडखळतात. प्रकरणं वीस आहेत, त्यांना आकडे नाहीत. एका बैठकीला एक पूर्ण प्रकरण वाचा. मध्येच सोडलं की कोण कोणाचा मुलगा हे पुन्हा शोधावं लागतं.

प्रश्न : प्रत्येक चमत्काराचा अर्थ लावायचा का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : नको. मार्केझ यांच्या याच कादंबरीत रेमेडियोस ही तरुणी चादरींसकट आकाशात जाते. तिथे प्रतीक शोधत बसलात तर चादरी परत मिळाव्यात म्हणून देवाला साकडं घालणारी घरातलीच फर्नांडा निसटेल, आणि प्रसंगाचा जीव तिच्यात आहे.

अर्थ शोधायचाच तर केळीमळ्यांच्या संपाजवळ थांबा. कोलंबियात सिएनागा इथे डिसेंबर १९२८मध्ये सैन्याने संपकरी मजुरांवर खरोखर गोळ्या झाडल्या होत्या. कादंबरीत त्यानंतर सरकार सांगतं की कोणी मेलंच नाही, आणि गावही ते मानतं. प्रेतांची आगगाडी पाहिलेल्या एका माणसावर कोणीच विश्वास ठेवत नाही. मग चार वर्षं अकरा महिने दोन दिवस पाऊस पडतो. तो पाऊस आपण सहज मान्य करतो. सरकारचं निवेदन मात्र पचत नाही.

यापुढे मेक्सिकन लेखक हुआन रुल्फो यांची ‘पेद्रो पारामो’ (१९५५) ही कादंबरी घ्या. ती लहान आहे, पण बोलणारा जिवंत की मेलेला हे पहिल्या वाचनात कळत नाही. संपल्यावर लगेच पुन्हा पहिल्या पानापासून वाचा.