मानवी भ्रूण म्हणजे ‘व्यक्ती’ का?

भ्रूण जिवंत आहे आणि मानवी आहे, यात वादच नाही. वाद आहे तो त्याला तुमच्या-माझ्याइतके हक्क द्यायचे का, याचा. ते सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. मला विचाराल तर अगदी सुरुवातीच्या भ्रूणाला व्यक्ती म्हणणं ओढूनताणून वाटतं. पाचव्या दिवशी तो पेशींचा एक पोकळ गोळा असतो. बाहेरच्या थरातून पुढे वार बनते, बाळ नव्हे. साधारण १४ दिवसांपर्यंत त्याचे दोन भाग होऊन जुळी होऊ शकतात. मग त्याआधी ‘व्यक्ती’ नेमकी कोण होती? १९८४ मध्ये ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीने प्रयोगशाळेत भ्रूण वाढवून त्यांवर संशोधन करण्यासाठी १४ दिवसांचीच मर्यादा सुचवली. भ्रूणाला सुरुवातीपासून व्यक्ती मानणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही: वाढ सलग होते, त्यामुळे रेघ कुठेही ओढली तरी ती आपण ठरवलेली असते.