हीथक्लिफ आणि कॅथरीनचं प्रेम महान, की नुसता छळ?

तुम्ही विचारलंय की एमिली ब्रॉन्टेच्या 'वुदरिंग हाईट्स' या इंग्रजी कादंबरीतल्या प्रेमाला लोक एवढं डोक्यावर का घेतात. तुम्हाला तर तो छळ वाटला आणि कॅथरीन गेल्यावर तुम्ही पुस्तक मिटवून ठेवलं. मी परभणीत कॉलेजच्या मुलांना इंग्रजी शिकवते आणि ही कादंबरी माझ्या फार जिव्हाळ्याची आहे. माझ्या मते ते प्रेम अगदी खरं आहे. छळही तेवढाच खरा, आणि तो ज्यांचा या प्रेमाशी काडीचा संबंध नाही त्यांच्याच वाट्याला येतो.

9व्या प्रकरणातलं स्वयंपाकघर आठवा. कॅथरीन घरच्या मोलकरणीला, नेलीला, सांगते की श्रीमंत एडगर लिंटनला तिनं होकार दिलाय. हीथक्लिफ तिच्या वडिलांनी घरी आणून वाढवलेला अनाथ पोर, त्याच्याशी आता लग्न करणं म्हणजे आपली पायरी सोडणं. हीथक्लिफ तिथंच भिंतीजवळच्या बाकावर पडलेला. तो एवढंच ऐकतो आणि आवाज न करता निघून जातो. मग ती म्हणते, मीच हीथक्लिफ आहे. लिंटनच्या पैशातून त्याला वर काढायचा बेतही ती सांगते. यातलं एक अक्षर त्याच्या कानावर पडत नाही. मला इथं दर वेळी तिचाही राग येतो. एकाशी संसार आणि दुसऱ्यावर जीव, हे दोन्ही निभेल असं तिला मनापासून वाटतं.

तीन वर्षांनी तो पैसा घेऊन परततो. पुढं काय होतं ते आपल्या भागात फोड करून सांगावं लागत नाही. कॅथरीनचा भाऊ हिंडली दारू-जुगारात बुडालेला, जमीन वीत-वीत गहाण टाकतो आणि गहाण घेणारा असतो हीथक्लिफ. जिंतूर-सेलूकडची मुलं इथं सावरून बसतात, कारण गहाणखत हा शब्द त्यांनी घरात ऐकलेला असतो. "म्याडम, हा तर सावकार निघाला की," एक मुलगी म्हणाली होती. एडगरच्या बहिणीला, इझाबेलाला, तो पळवून नेतो ते निव्वळ सूड म्हणून. निघताना तिच्या कुत्र्याला फास लावतो.

पण मला सगळ्यात जास्त लागतो तो हेअरटन. हिंडलीचा मुलगा, म्हणजे त्या घराचा वारस. हिंडलीनं लहानपणी हीथक्लिफचं शिक्षण तोडून त्याला शेतावर राबवलेलं, म्हणून हीथक्लिफ या पोराला मुद्दाम अडाणी ठेवतो. घराच्या दारावर 1500 हे साल आणि एका पूर्वजाचं नाव कोरलंय: हेअरटन अर्नशॉ. म्हणजे पोराचं स्वतःचंच नाव, आणि त्याला ते वाचता येत नाही! पुढं कसंबसं नाव वाचायला शिकतो, तर आकड्यांपाशी अडतो आणि कॅथरीनची मुलगी त्याला हसते. "म्याडम, त्या लेकरावर कशाला राग काढायलाय हा?" असं वर्गात कुणीतरी विचारतंच. घरातल्या पहिल्या शिकणाऱ्या पिढीची ही मुलं. त्यांना तो अपमान बरोबर कळतो.

प्रेमाचा नुसता गाजावाजा झाला त्याला सिनेमाही कारण आहे. 1939चा गाजलेला हॉलिवूडपट ही दुसरी पिढी गाळूनच टाकतो. एमिली ब्रॉन्टेनं मात्र 1847 साली, 'एलिस बेल' या टोपणनावानं, 34 प्रकरणं लिहिली आणि कॅथरीनला 16व्यातच मारलं. उरलेली निम्मी कादंबरी त्या प्रेमाची किंमत कोण मोजतं याचीच आहे. जिनं हे प्रेम इतक्या ताकदीनं लिहिलं, तिनं त्याला मोकळं सोडलं नाही, म्हणून मी तिला मानते.

तेव्हा तुम्ही थांबलात तिथून पुढं वाचाच. निदान 32व्या प्रकरणापर्यंत तरी जा. हेअरटनला वाचायला कोण शिकवतं ते तिथं कळेल.