स्टॉपरच्या नावापुढे दोनच गोल

मैदानाच्या कडेने : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर, मुलगा १८ वर्षांचा आहे. बारावी झाली. कंपूच्या मैदानावर रोज सकाळी फुटबॉल खेळतो, सेंटर बॅक, म्हणजे आपल्या गोलसमोर मधोमध उभा राहणारा बचावपटू. गेले काही महिने तो एका पोर्तुगीज बचावपटूची कारकीर्द मोबाइलवर पुन्हा पुन्हा काढून बघतो. खेळाडू नामांकित नाही. १४ हंगाम, आठ क्लब, सगळे दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या डिव्हिजनचे, आणि गोल दोन. मुलगा म्हणतो, "आई, मला असं आयुष्य मिळालं तरी खूप झालं." ह्यांचं म्हणणं, ही तर अपयशाची यादी आहे, १४ वर्षांत माणूस एक पायरी वर चढला नाही. रोज जेवताना हाच विषय. तक्ता कागदावर उतरवून सोबत पाठवते आहे. तुम्हीच सांगा, कोण बरोबर?
— एक आई, शिंदे की छावणी, ग्वाल्हेर

उत्तर : ताई, तुमचा कागद दोन दिवस टेबलावर आहे आणि मी त्याच्याकडे सारखा वळतो आहे. मी स्वतः ११ वर्षं स्टॉपर खेळलो. आमच्या वेळी सेंटर बॅक हा शब्द नव्हता, स्टॉपरच म्हणत. माझे गोल तीन, त्यातले दोन कॉर्नरवर डोक्याने. तेव्हा "गोल दोन" हे वाचून तुमच्या यजमानांना काय वाटलं ते मला कळतं, कारण माझ्या काकांनाही तेच वाटायचं.

पण स्टॉपरचा तक्ता गोलांच्या रकान्यातून वाचायचा नसतो. तो सामन्यांच्या रकान्यातून वाचायचा. पोर्तुगालच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये १८ संघ, म्हणजे हंगामाला ३४ सामने. तुमच्या कागदावर एका वर्षी ३१ आहेत, एका वर्षी २९. चेंडू सुटला तर थेट गोल होतो अशा जागेवर प्रशिक्षक दर आठवड्याला त्याच माणसाला उभं करतो, याचा अर्थ त्याचा त्याच्यावर विश्वास आहे. मधल्या एका वर्षी फक्त सहा सामने दिसतात आणि पुढच्या ओळीत क्लब बदललेला. तिथे गुडघा असेल, नाहीतर बेंच. त्यानंतरच्या वर्षी पुन्हा २७. ताई, मला त्या कागदावरची सर्वांत मोठी गोष्ट तीच वाटते. मोडलेला माणूस एका उन्हाळ्यात उभा राहून नव्या गावात नव्याने जागा मिळवतो, ते मी केलेलं नाही. माझा गुडघा गेला तेव्हा मी थांबलो.

आता आठ क्लबांचं. यजमानांना ती धरसोड वाटते. खालच्या डिव्हिजनमध्ये करार बहुतेक एकेका वर्षाचे असतात आणि ३० जूनला संपतात. जुलैत दुसरा क्लब शोधायचा. ज्यांना तो मिळत नाही त्यांच्यासाठी तिथली खेळाडूंची संघटना उन्हाळ्यात सराव शिबिर भरवते, म्हणजे बिनकराराचा माणूस निदान तयारीत राहतो. ही संघटना १९७२ पासून आहे. शिवाय नकाशा उघडून बघा. यादीतले पाच क्लब पोर्तो शहराच्या पूर्वेकडच्या पट्ट्यातले आहेत. तिथे पेनाफिएल, पासुश द फरेरा, फेल्गेराश ही गावं एकमेकांपासून तासाभराच्याही आत आहेत. आपल्याकडे ग्वाल्हेर, मुरैना, डबरा असावं तशी. पासुश द फरेरा लाकडी फर्निचरचं गाव, फेल्गेराश बुटांच्या कारखान्यांचं. बिर्लानगर म्हटलं की जुन्या ग्वाल्हेरकराला जेसी मिल आठवते, तशी त्या गावांची ओळख. आणि प्रत्येक गावाला आपला क्लब. म्हणजे हा माणूस पाच क्लब बदलूनही कदाचित एकाच घरात राहिला असेल, मुलं एकाच शाळेत गेली असतील. कागदावर भटका दिसणारा माणूस प्रत्यक्षात घरचाच असू शकतो.

हे सगळं गोड आहे असं मात्र मी मुलाला सांगणार नाही. त्याला पगाराचा भाग सांगा. तिथे पहिल्या डिव्हिजनमध्येसुद्धा पगार थकतात. २०१२ च्या एप्रिलमध्ये युनियाँव द लैरियाच्या खेळाडूंनी थकलेल्या पगारापायी करार तोडले आणि क्लबला लीगच्या सामन्यात आठच खेळाडू उतरवावे लागले. आठ! मी ते वाचलं तेव्हा त्या आठांत स्टॉपर किती उरले असतील हाच विचार डोक्यात आला. तिसऱ्या डिव्हिजनच्या आणि त्याखालच्या कितीतरी खेळाडूंना दिवसा दुसरं काम असतं आणि सराव संध्याकाळी. मला इथल्या एका स्पर्धेत आयोजकांनी प्रवासखर्च कबूल करून दिला नव्हता, तेव्हा दतियाहून परत यायला मी मित्राकडून पैसे घेतले होते. एका दिवसाचं ते दुःख अजून आठवतं. महिनोन्महिने तसं झालं तर घर कसं चालतं, हे मुलाने आत्ताच डोळ्यांसमोर आणावं.

वर चढता आलं नाही, हे यजमानांचं वाक्य उरतं. चढलेला माणूसही आहे, आणि तोही स्टॉपर. जोझे फोंते. २००४-०५ चा हंगाम तो फेल्गेराशकडून दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळला. तो क्लब पुढे कर्जापायी बुडाला आणि गावाने नव्याने उभा केला. २०१० च्या जानेवारीत फोंते साउदम्पटनला गेला, तेव्हा तो संघ इंग्लंडच्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये होता. दोन बढत्या मिळवून २०१२ मध्ये ते सर्वांत वरच्या लीगमध्ये आले. पोर्तुगालचा राष्ट्रीय शर्ट त्याला पहिल्यांदा मिळाला २०१४ मध्ये, वयाच्या तिशीनंतर. आणि १० जुलै २०१६ ला पॅरिसमध्ये फ्रान्सला १-० हरवून पोर्तुगाल युरोप विजेता झाला, त्या सामन्यात तो पूर्ण वेळ बचावात उभा होता. ही गोष्ट मुलाला जरूर सांगा, पण ती वचन म्हणून सांगू नका. फोंतेबरोबर फेल्गेराशमध्ये खेळलेल्या बाकीच्यांची नावं कोणाला ठाऊक नाहीत, आणि त्यांनीही टॅकल तेवढ्याच जिवावर उदार होऊन केले असतील.

मुलासाठी माझी खरी काळजी वेगळी आहे. पोर्तुगालमध्ये शिडीला मधल्या पायऱ्या आहेत. दोन व्यावसायिक लीग, २०२१ पासून तिसरी, तिच्याखाली राष्ट्रीय चौथी, आणि त्याखाली २२ जिल्हा-प्रादेशिक संघटनांच्या लीग. पडला तरी खालच्या पायरीवर पाय टेकतो. ग्वाल्हेरच्या मुलाला त्या मधल्या पायऱ्या फार थोड्या. म्हणून इथे लक्ष्मीबाई संस्थेत शारीरिक शिक्षणाची पदवी करता करता खेळावं, रेल्वे, पोलीस, सैन्य यांच्या खेळाडू भरतीवर डोळा ठेवावा, आणि फुटबॉल महासंघाचं प्रशिक्षकाचं डी लायसन्स लवकर काढावं. मी त्याच संस्थेत शिकलो, १९५७ पासून ती आपल्या गावात आहे, आणि घरून सायकलने जाता येतं ही केवढी गोष्ट आहे, हे मला बाहेरगावच्या मुलांकडे बघून कळलं.

एक काम यजमानांना. माझे अण्णा एजी ऑफिसात, म्हणजे महालेखापालांच्या कचेरीत होते. फुटबॉल त्यांना कळत नव्हता, पण ते माझ्या प्रत्येक सामन्याची नोंद एका रजिस्टरमध्ये ठेवत : तारीख, समोरचा संघ, आणि मी मैदानावर असताना आपल्यावर किती गोल झाले. माझ्या गोलांचा रकाना त्यांनी आखलाच नव्हता. एका पावसाळ्यात सलग सहा सामन्यांपुढे शून्य आलं, तेव्हा त्यांनी लाल शाईने खाली रेघ मारली होती. यजमानांनी येत्या रविवारी कंपूवर जावं, वही घेऊन.

प्रश्न : तिसऱ्या डिव्हिजनचा संघ मोठ्या संघाला खरंच हरवतो का, की ते फक्त सिनेमात होतं? — इयत्ता नववी, मुरार

उत्तर : खरंच हरवतो, बाळा. पोर्तुगालचा राष्ट्रीय चषक १९३८-३९ पासून आहे आणि त्यात खालचे संघही खेळतात. २००२ मध्ये गोंदोमारने बेनफिकाला तिच्याच मैदानावर १-० हरवलं. २००७ च्या जानेवारीत लिस्बनच्या अ‍ॅत्लेतिकोने पोर्तोला पोर्तोतच १-० हरवलं. २०१९ च्या ऑक्टोबरात अल्व्हेर्काने स्पोर्टिंगला २-० हरवलं. तिन्ही संघ तेव्हा तिसऱ्या डिव्हिजनमध्ये होते, आणि तिन्ही सामन्यांत मोठ्या संघाला एकही गोल करता आला नाही. अल्व्हेर्काच्या सामन्याची चित्रफीत मिळाली तर शेवटची २० मिनिटं चेंडू सोडून फक्त त्यांच्या दोन स्टॉपरांकडे बघ. चेंडू दुसऱ्या बाजूला असताना ते कुठे उभे राहतात ते कागदावर काढ, आणि मला पाठव.