शिलाहार : हार नव्हे, आहार

प्रश्न : पन्हाळ्याचा राजा भोज ‘सिल्हारा’ घराण्यातला होता. या नावाचा अर्थ काय? शेलार आडनाव त्यातूनच आले का?

आधी ते ‘सिल्हारा’ म्हणणे सोडा, नाव ‘शिलाहार’. आपल्याच राजांची नावे इंग्रजी स्पेलिंगवरून उच्चारायची ही कुठली रीत? आणि हा भोज धारचा परमार नव्हे. हा दुसरा भोज, साधारण ११७५ ते १२१२ या काळातला, म्हणजे धारच्या भोजाच्या शंभराहून अधिक वर्षांनंतरचा.

शिलेचा हारबीर काही नाही. शिला + आहार. विद्याधर राजपुत्र जीमूतवाहन शंखचूड नागाऐवजी स्वतः शिलेवर बसला आणि गरुडाचा आहार झाला. शिलाहार स्वतःला त्याचे वंशज म्हणवीत. गंमत म्हणजे ध्वजावर सोन्याचा गरुड, पूर्वजाचे लचके तोडणारा!

व्युत्पत्ती अर्थातच मागाहून बेतलेली. कोरीव लेखांत ‘सिलार’ही सापडते आणि तेच मूळ, असे माझे ठाम मत. पंडितांनी त्यात ‘ह’ घुसवला आणि कथा चिकटवली. चालुक्यांचा पूर्वज नाही का ब्रह्मदेवाच्या चुलुकातून, म्हणजे ओंजळीतून, काढला? युरोपीय पंडित लासेनसाहेबांनी तर नाते थेट अफगाणिस्तानातल्या काफिर नावाच्या जमातीशी जोडले. ‘नन्निसमुद्र’ हे बिरुद मिरवणारे घराणे काबूलकडचे? ‘नन्नि’ म्हणजे कानडीत सत्य. शिवाय ते ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. तगर म्हणजे आपल्या धाराशिवकडचे तेर. लासेनसाहेबांनी एवढे तरी पाहायचे.

पण खरी मजा पुढे आहे. भोज मांडलिकपण झुगारून ‘पश्चिमचक्रवर्ती’ झाला आणि देवगिरीच्या सिंघण यादवाने त्याचे राज्यच बुडवले. यादवांच्या लेखात सिंघणाचे वर्णन कसे? पन्हाळ्यात राहणाऱ्या भोजरूपी सर्पाला पळवून लावणारा पक्षिराज! इतिहासकार याला ठरावीक स्तुती समजून पुढे जातात. मला ते मुळीच पटत नाही. ज्यांचा पूर्वज नागासाठी गरुडापुढे बसला, त्यांच्या राजाला नाग करायचे आणि आपल्या धन्याला गरुड, हे सहज सुचलेले नाही. वर ‘भोग’ म्हणजे सापाचा फणा. भोज आणि भोग यांतला नाद त्या कवीच्या कानाला ऐकू आला नसेल?

हो, शेलार. ‘सिलार’वरून ‘शेलार’ होणे उच्चाराच्या दृष्टीने अगदी शक्य आहे. पण तेवढ्यावर वंशावळ काढून भिंतीवर लावू नका.