कोलोनचं कथीड्रल पहिल्यांदा बघताना

जर्मनीतल्या कोलोन शहराचं हे मुख्य चर्च बघायला पहिल्यांदाच जाताय ना? मग घाई करू नका. बहुतेक नवखे स्टेशनातून बाहेर पडले की थेट मनोऱ्याकडे धावतात. दक्षिण मनोऱ्याला ५३३ पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि चढणारे-उतरणारे एकाच अरुंद गोल जिन्यात. दमून खाली आल्यावर आतलं काही नीट बघवत नाही. म्हणून आधी आत जा.

- १२४८ला काम सुरू, सोळाव्या शतकात थांबलं, १८८०मध्ये पुरं. सुरुवातीला एवढा इतिहास पुरे.
- दक्षिणेकडची चित्रकार गेरहार्ड रिख्टर यांनी रचलेली खिडकी भर उन्हात बघाच. ११,२६३ काचेच्या चौकोनांचे रंग फरशीवर सांडतात, फार देखणं दिसतं!
- प्रार्थनेच्या वेळी आत फिरता येत नाही. वेळा बघूनच निघा.

मनोरा चढताना मध्ये घंटाघर लागतं. तिथे २४ टनांची सेंट पीटर घंटा बघत दम खा.