मादबाचा नकाशा कसा पाहावा?

प्रश्न : येत्या हिवाळ्यात आम्ही पुण्यातील एका सहल कंपनीबरोबर जॉर्डनला जाणार आहोत. कार्यक्रमपत्रिकेत ‘मादबा : सेंट जॉर्ज चर्चमधील मोझेक नकाशा’ यासाठी फक्त अर्धा तास ठेवला आहे. जमिनीवरच्या एका फरशीत एवढे काय पाहायचे, असे सहप्रवाशांपैकी काहींचे म्हणणे आहे. तेवढ्या वेळात नेमके काय पाहावे? आम्ही ख्रिस्ती नाही; चर्चमध्ये वावरताना काय पाळावे? बरोबर बहात्तर वर्षांची आई आहे, तिचे गुडघे दुखतात आणि दृष्टीही थोडी अधू आहे.
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : ‘फरशी’ या शब्दामुळेच आपल्याकडे घोटाळा होतो. पुण्यातील जुन्या घरांत आपण जिला मोझेक म्हणतो, ती सिमेंटमध्ये दगडाची खडी मिसळून घासलेली फरशी असते. मादबाला मात्र बोटाच्या पेरापेक्षाही लहान रंगीत दगडी खडे एकेक करून ओल्या चुन्यात बसवले आहेत. मूळ नकाशात असे वीस लाखांहून अधिक खडे असावेत, असा अंदाज आहे. आज त्याचा काही भागच उरला आहे, तरीही पवित्र भूमीचा, म्हणजे बायबलमधल्या प्रदेशाचा, हा सर्वांत जुना उपलब्ध मोझेक नकाशा आहे.

अर्धा तास पुरेल, पण त्यातला निम्मा वेळ नकाशापाशी पोहोचण्याआधी खर्च करा. आवारात नकाशाची मोठी चित्रे लावून माहिती दिलेली असते. ती नीट पाहून मग आत जा. आत गेल्यावर आधी पूर्वेकडे तोंड करून उभे राहा, कारण या नकाशात वरची बाजू उत्तर नसून पूर्व आहे. चतुःशृंगीच्या टेकडीवरून शहराकडे पाहताना खडकी डाव्या हाताला आणि पर्वती उजव्या हाताला येते ना, तसेच इथे उत्तर डावीकडे, दक्षिण उजवीकडे, भूमध्य समुद्राचा किनारा पायांशी आणि जॉर्डन नदीपलीकडचा प्रदेश समोर असतो. एवढे एक ध्यानात ठेवले की ग्रीक अक्षरे वाचता आली नाहीत तरी नकाशा उलगडू लागतो.

मग जेरुसलेम शोधा. तटबंदीने वेढलेले ते लंबगोल शहर बाकीच्या गावांपेक्षा कितीतरी मोठे काढले आहे. त्याच्या डाव्या टोकाच्या वेशीजवळ मोकळ्या चौकात एक खांब उभा दिसेल. तो खांब केव्हाच गेला, पण त्या वेशीला अरबीत आजही ‘बाब अल-अमूद’, म्हणजे खांबाचा दरवाजा, असेच म्हणतात. वेशीपासून शहराच्या आरपार जाणारा खांबांच्या ओळींचा रस्ता आहे, आणि त्याच रस्त्यालगत येशूच्या थडग्यावरचे चर्च चक्क उलटे, पायऱ्या वर आणि घुमट खाली, असे काढले आहे, कारण त्याचा दर्शनी भाग त्या रस्त्याकडे आहे. रस्त्याच्या दक्षिण टोकाजवळ दिसणारे नेआ नावाचे चर्च इ.स. ५४२ मध्ये पूर्ण झाले, म्हणून नकाशा त्यानंतरचा, सहाव्या शतकातला, ठरतो. त्या चर्चचा पाया आणि त्या रस्त्याचा काही भाग १९७०च्या दशकातील उत्खननात खरोखर सापडला. चित्र आणि जमीन यांचा असा मेळ बसलेला पाहिला की मला दर वेळी त्या अनामिक कारागिरांपुढे हात जोडावेसे वाटतात.

मोठी नासधूस मात्र आपल्याच अलीकडच्या काळात झाली. १८९६ मध्ये जुन्या चर्चच्या अवशेषांवर मादबाचे सध्याचे सेंट जॉर्ज चर्च बांधताना नकाशाचा बराच भाग नष्ट झाला. मृत समुद्रातील होड्यांमधल्या माणसांच्या आकृत्या त्याच्या कितीतरी आधी जाणूनबुजून उखडून तिथे मेळ नसलेले खडे भरले होते; ते डाग सहज ओळखू येतात.

चर्चमध्ये आजही प्रार्थना होते, त्यामुळे रविवारी सकाळची वेळ टाळावी. गटाची भेट त्या दिवशी ठरली असल्यास कंपनीकडून वेळ आधी पक्की करून घ्या. खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत, हळू बोलावे. आपल्या देवळातल्या सवयीने चपला काढण्याची गरज नाही, मात्र दोरी ओलांडून नकाशावर पाय ठेवू नये. नकाशा जमिनीवरच असल्याने आईंना त्यासाठी कुठे चढावे लागणार नाही.

आईंना दाखवण्यासारखी एक गोष्ट शेवटी सांगतो. जॉर्डन नदी मृत समुद्राला मिळते तिथे नदीत मासे आहेत, आणि त्यांतला एक तोंड फिरवून प्रवाहाविरुद्ध परत निघाला आहे, कारण पुढच्या अतिखारट पाण्यात मासा जगत नाही. दोरीमुळे जवळ जाता येणार नाही, म्हणून मोबाइलचा कॅमेरा झूम करून तो मासा टिपा आणि आईंच्या हातात द्या.