भाऊबीजेनंतर कुलाब्याला संध्याकाळी जाता येईल का?

प्रश्न : भाऊबीज झाली की आम्ही सगळे अलिबागला जाणार आहोत. मुलांना संध्याकाळी समुद्रातून चालत कुलाबा किल्ल्यावर जायचंय. सासूबाई बहात्तर वर्षांच्या, गुडघे दुखतात. पाच वाजता निघालो तर जमेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही जमणार, ताई. अडचण सासूबाईंच्या गुडघ्यांची नाही, तिथीची आहे.

आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांना एक हिशेब पाठ असतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. भाऊबीज द्वितीयेची, म्हणजे भरती दीडच्या सुमारास आणि ओहोटी साडेसातला. तेव्हा मिट्ट काळोख. पंचमीला भरती पावणेचारला, म्हणजे पाच वाजता किल्ल्याच्या वाटेवर पाणीच पाणी. मात्र त्याच दिवशी सकाळी दहाच्या आसपास वाट उघडी असते. तेव्हा सकाळीच उरका. हिशेब ढोबळ आहे, म्हणून आदल्या दिवशी किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांना नक्की वेळ विचारा. ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि पाणी चढू लागायच्या आत परत फिरा.

सासूबाईंना घोडागाडीतच बसवा. बाकीच्यांनी पट्ट्याच्या चपला घालाव्यात. खडकांना चिकटलेली कालवं पाय कापतात आणि साध्या स्लिपर चिखलात रुततात.

आत राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे, गोड्या पाण्याचं तळं आहे. पण मुलांना आधी तट दाखवा. मोठमोठे दगड चुन्याशिवाय नुसते एकमेकांवर रचलेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं, तिचा जोर तिथेच मोडतो. महाराजांनी १६८० साली काम सुरू करवलं, संभाजीराजांच्या काळात ते पुरं झालं. उत्तरेकडच्या चाकांवरच्या दोन तोफांपाशी कुणी ना कुणी ‘या कान्होजींच्या’ असं सांगतोच. ऐकून घ्या आणि मुलांना तोफेवरचा मजकूर वाचायला लावा. त्या यॉर्कशायरमधल्या लो मूर कारखान्याच्या आहेत. तो कारखाना सुरू झाला १७९१ मध्ये. मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे गेले १७२९ साली!

संध्याकाळी गावातल्या कान्होजींच्या समाधीपर्यंत सगळे मिळून चक्कर मारा. रस्ता सपाट आहे, सासूबाईही येतील. बाजीराव पेशव्यांच्या फौजेच्या साथीने ज्याने १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीजांचा एकत्र हल्ला परतवला, त्याच्या समाधीकडे सहलीची माणसं फारशी वळत नाहीत. मला त्याचा राग येतो.

संध्याकाळी किल्ल्यावरच जायचा हट्ट असेल, तर बेत त्रिपुरीच्या आधीच्या त्रयोदशी-चतुर्दशीवर ढकला. तेव्हा ओहोटी चार ते पावणेपाचला मिळते. ऐन पौर्णिमेला ती साडेपाच-सहापर्यंत लांबते. थंडीत सूर्य सहालाच बुडतो, त्यामुळे मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असताना पौर्णिमा नको.